गटप्रमुख हरवले आहेत

“यांना जरा झाडांत न्या,” डॉक्टर म्हणाले.

औषध बाटलीत मिळणारं असतं तर जिना उतरता उतरताच घेऊन टाकलं असतं. पण झाडं कुठून आणायची? आमच्या करी रोडला झाड म्हणजे बुंध्याला गेरू आणि चुन्याचे पट्टे, छातीच्या उंचीवर खिळा ठोकून लावलेली इंग्रजी संभाषणाच्या क्लासची पाटी आणि वर एक कावळा. असं एक झाड आमच्या गेटबाहेर आहे. मी बाबांना खिडकीतून ते दाखवलंसुद्धा. एकोणिसाव्या मजल्यावरून ते कोथिंबिरीच्या जुडीएवढं दिसतं. बाबांनी बघितलं आणि “हां” म्हणाले.

हा “हां” हीच अडचण होती. बाबांना तसं काही झालेलं नव्हतं. कान चांगले, घसा चांगला, साखर माझ्यापेक्षा चांगली. फक्त ते बोलायचे थांबले होते. चाळ पाडून टॉवर झाला, आम्ही वर राहायला आलो, आणि हळूहळू त्यांच्या तोंडी दोनच शब्द उरले, ‘हां’ आणि ‘नको’. कापड गिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात उभा जन्म ओरडून बोललेला हा माणूस. गॅलरीतून बोलायला लागला की नाक्यावरचा पानवाला खालून उत्तर द्यायचा. चाळीच्या गॅलरीतून सारखं कुणी ना कुणी जायचं आणि बाबा त्याला अडवायचे. एकोणिसाव्या मजल्यावर खिडकीसमोरून जाणार कोण? एकदा काचा पुसणारा माणूस दोरीवरून लोंबकळत आमच्या खिडकीपाशी आला, तेव्हा बाबांनी खुर्ची पुढे ओढली होती. पण तो काच पुसून खाली निघून गेला.

मला त्यांचा आवाज परत हवा होता. पुढे जी माझी शोभा झाली ती या एका गोष्टीपायी, हे आधीच सांगून ठेवतो. आणि त्या शोभेला ज्यांनी ज्यांनी हातभार लावला त्या सगळ्यांचा मी आज मनापासून आभारी आहे.

पहिले आभार अभय तांबेचे. चाळीत आमची आणि त्याची भिंत एक होती. आता तो चौदाव्या मजल्यावर असतो आणि बँकेत आहे. बँकेत असल्यामुळे त्याला सगळ्यातलं सगळं कळतं.

“झाडं बघायला बोरिवलीला नको जाऊस,” तो म्हणाला. “रविवारी तिकडे अर्धं लालबाग भेटेल. त्यापेक्षा कर्जतच्या पुढे आंबेटाकचं जंगल आहे. शांत. पायवाट वगैरे केलेली आहे. माझी गाडी आहे ना रे, चल.”

दुसरे आभार कालिंदीकाकूंचे. काकू चाळीत आमच्या समोरच्या खोलीत होत्या, आता सहाव्या मजल्यावर एकट्या राहतात. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. “रानात जातास? मगे म्हातारो खातलो काय?” एवढंच त्यांनी दारात उभ्याने विचारलं आणि त्या आमच्यात आल्या. मी, माझी बायको सीमा, बाबा, अभय आणि काकू असे पाच जण झालो.

अभयने सांगितलं की आंबेटाकला आधी फोन करून नोंद करावी लागते. मी विमा कंपनीत आहे. संकटं येण्याआधी कागद नीट करून ठेवावेत हे लोकांना सांगण्याचाच मला पगार मिळतो. तेव्हा हे काम मी आनंदाने घेतलं.

“उद्देश?” तिकडच्या गृहस्थांनी विचारलं.

“चालायचं आहे.”

“चालणे असा उद्देश नाही आमच्याकडे. संशोधन, छायाचित्रण, निसर्ग अभ्यास, शासकीय. यातलं काय?”

“चालता चालता निसर्गही बघूच की.”

“मग अभ्यास. अभ्यास म्हटलं की गट आला. गट आला की गटप्रमुख आला. गटप्रमुखाचं नाव सांगा. गटातल्या कुणाला काही झालं तर जबाबदारी त्याची.”

“आणि गटप्रमुखालाच काही झालं तर?”

“तसं अजून झालेलं नाही,” ते म्हणाले. मी नाव सांगितलं, हेरंब रामचंद्र तळवडेकर, आणि फोन ठेवताना मला जरा उंच झाल्यासारखं वाटलं.

आता बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगायला हवं की गिरणगावात गटप्रमुख हा साधा शब्द नाही. गटप्रमुख म्हणजे गल्लीतला पक्षाचा माणूस. नळाला पाणी आलं नाही, गटार तुंबलं, पोराला शाळेत घेत नाहीत, मयताला गाडी हवी, अशा वेळी ज्याचं दार वाजवायचं तो. अभयला हे पक्कं माहीत होतं. म्हणूनच त्याने बिल्डिंगच्या ग्रुपवर तेवढंच लिहिलं, ‘आपल्या हेरंबची गटप्रमुखपदी निवड झाली आहे.’ जंगलाचा उल्लेख केला नाही.

संध्याकाळपर्यंत नुसता अभिनंदनाचा पाऊस. एका गृहस्थांनी फोन करून आवाज खाली आणला आणि विचारलं, “ते सगळं ठीक आहे हो, पण कुठला गट?” दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या बाईंनी मला अडवून मागच्या गटाराचा फोटो दाखवला. मी खुलासा करत राहिलो की मी फक्त जंगलापुरता आहे. “सगळे सुरुवातीला असंच म्हणतात,” त्या म्हणाल्या. रविवारी पहाटे आम्ही निघालो तेव्हा वॉचमनने मला सलाम ठोकला. इतक्या दिवसांत त्याने मला कधी ओळखही दाखवली नव्हती. खोटं कशाला बोलू, मी तो सलाम घेतला.

बूट हा विषय सीमाने आदल्या रात्री काढला होता. माझ्याकडे खोक्यात कोरे स्पोर्ट्स शूज होते. ऑफिसच्या वॉकेथॉनसाठी घेतलेले. वॉकेथॉन रद्द झाली आणि बूट कपाटावर गेले, त्याला बरीच वर्षं झाली.

“एकदा घालून चालून बघा,” सीमा म्हणाली.

“नवे बूट आहेत. त्यात बघायचं काय?”

गाडीत बाबा पुढे बसले. काकूंच्या पिशवीत घावणे, उकडलेली अंडी आणि सुक्या जवळ्याची चटणी होती. जवळ्याने पनवेलच्या आतच गाडीचा ताबा घेतला. अभयने काही न बोलता काचा खाली केल्या. गाडी नवी होती. मी अधूनमधून मागून विचारत होतो, “बाबा, बरं वाटतंय ना?” आणि पुढून “हां” येत होता.

आंबेटाकच्या फाटकावर एक वनरक्षक उभे होते. छातीवरच्या पट्टीवर ‘कोंडीराम घाडी’ लिहिलेलं होतं.

“गटप्रमुख कोण?”

तीन बोटं माझ्याकडे वळली. बाबांनी बोट केलं नाही, पण मान वळवली.

“नीट ऐका. पायवाट सोडायची नाही. दगडांची रांग लावलीय, तिच्या कडेने चालायचं. मोठ्याने बोलायचं नाही, पक्षी उठतात. पिशव्या दाखवा.”

यातलं दगडांचं वाक्य माझ्या कानावरून गेलं, कारण त्याच वेळी मी गटप्रमुखाला शोभेल असा चेहरा करण्यात गुंतलो होतो. घाडींनी काकूंची पिशवी उघडली आणि त्यांची मान एकदम मागे गेली.

“काय आहे यात?”

“औषध,” काकू म्हणाल्या.

“कसलं?”

“म्हाताऱ्याच्या तोंडाची चव गेलीहा, तेचा.”

घाडींनी पुन्हा वास घेतला. या वेळी मान पुढे आली. “जवळो?” त्यांनी अगदी हळू विचारलं आणि पिशवी बांधून परत दिली.

रान खरंच सुंदर होतं. थंडीचे दिवस, खाली पाचोळा, वरून उन्हाचे तुकडे पडलेले. झाडांना पाट्या नव्हत्या, त्यामुळे कुठलं झाड कुठलं हे कळायला मार्ग नव्हता. अभय मात्र ठासून सांगत होता.

“हा साग.”

“कशावरून?”

“आमच्या मॅनेजरचं टेबल असंच आहे.”

बाबा मधेच थांबायचे, एखाद्या बुंध्यावर हात सपाट टेकवायचे आणि पुढे चालू लागायचे. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता बोलतील. मी श्वास धरून उभा राहायचो. ते पुढे गेले की मी श्वास सोडायचो. तसं बघितलं तर त्या दिवशी प्राणायाम भरपूर झाला.

आणि मग माझा डावा बूट बोलायला लागला. फट्, फट्, फट्. तळवा पुढून सुटून सुसरीच्या जबड्यासारखा उघडमीट करत होता. थोड्या वेळाने उजव्याने साथ धरली. डिंक म्हणे न वापरता वाळून जातो. हे मला दुकानदाराने सांगायला हवं होतं. सीमाने सांगितलंच होतं, पण ती काही दुकानदार नाही. अभयने गळ्यातली बँकेच्या ओळखपत्राची फीत काढून डावा बूट बांधला. उजव्याला सीमाचं केसांचं रबर लागलं. मोठ्याने बोलायला बंदी असल्यामुळे काकू पदर तोंडात धरून हसत होत्या. बाबांचे ओठ थोडे हलले, पण शब्द काही आला नाही.

ओढ्यापाशी बाबा एका दगडावर बसले. काकूंनी डबे काढले. मी उभाच होतो. मला मनातून फार वाईट वाटत होतं. एवढं रान तुडवून आलो, पण बाबा अजून एकोणिसाव्या मजल्यावरच होते. तसेच समोर बघत होते, हात मांडीवर ठेवून.

“बाबा, घावणो देऊ?”

“नको.”

“पाणी?”

“हां.”

तिथे मला बसवेना. “पुढे वाट किती लांब जाते ते बघून येतो,” मी म्हणालो.

“गटप्रमुखाने गट सोडून जायचं नसतं,” अभय म्हणाला.

“याला पाहणी म्हणतात,” मी म्हणालो आणि फट्फट् करत निघालो.

वळण घेतल्यावर समोर काय दिसावं? बुंध्याला चुन्याचा पांढरा पट्टा आणि त्यावर गेरूचा लाल पट्टा असलेलं एक झाड. परगावी आपल्या चाळीतलं कुणी भेटावं तसा मला आनंद झाला. थोडं पुढे तसंच दुसरं. पलीकडे तिसरं. मुंबईतल्या माणसाला पट्टेवालं झाड दिसलं की त्याच्या शेजारी रस्ता असणार हे सांगावं लागत नाही. झाड रंगवायचं तेच मुळी रस्त्याकडेचं. वाटेची खूण किती व्यवस्थित केलीय, असं मनाशी म्हणत मी पट्ट्यापाठोपाठ पट्टा धरत गेलो. त्या झाडांना कीड लागली होती आणि औषध मारायला सोपं जावं म्हणून ती रंगवली होती, हे मला मागाहून कळलं. आणि कीड काही पायवाट धरून चालत नाही.

पट्टे संपले तेव्हा माझ्या चारही बाजूंना नुसतं जंगल होतं. मी मागे फिरलो. मागे कुठे, हाच प्रश्न होता. एक काटेरी जाळी ओलांडताना बँकेची फीत तुटली आणि डावा तळवा तिथेच राहिला. पुढे उजव्यानेही राजीनामा दिला. मोबाईलमध्ये नेटवर्क नव्हतं, फक्त तळमजल्यावरच्या बाईंनी सकाळी पाठवलेला गटाराचा आणखी एक फोटो होता.

आता ओरडायला हवं होतं. पण काय ओरडायचं? सिनेमातले लोक “बचाओ” म्हणतात, पण ते हिंदीत बुडत असतात. “वाचवा” म्हणावं तर कुणी मारतही नव्हतं. मी आधी “कोण आहे का?” म्हणून बघितलं. सरकारी कचेरीत खिडकी बंद असली की विचारतो तसं ते झालं, आणि उत्तरही तसंच मिळालं, म्हणजे नाही मिळालं. मग “अहोऽ” म्हटलं. वरच्या फांदीवरून एक माकड खोकलं. विमा कंपनीतला माणूस, पन्नाशी उलटलेला, उरलेल्या केसांना कलप लावलेला, पायात तळवे नसलेले बूट, आणि माकडाला अहोजाहो करतोय. हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मला भीती वाटत होती. स्वतःची थोडी आणि बाबांची जास्त. ओढ्यापाशी बसून ते वाट बघत असतील, आणि कुणाला काही विचारणारही नाहीत.

तेवढ्यात लांबून आवाज आला.

“बा देवा म्हाराजाऽऽ!”

आणि पाठोपाठ दोन-तीन आवाज एकदम, “व्हय म्हाराजा!”

कोकणातल्या माणसाला गाऱ्हाणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगतो. गणपती बसवताना, लग्नाचं वऱ्हाड निघताना, काही अडलं की घरातला जाणता माणूस देवापुढे उभा राहतो आणि खणखणीत आवाजात सगळी हकिकत मांडतो, नावानिशी, काही न झाकता. दर वाक्याला बाकीच्यांनी “व्हय म्हाराजा” म्हणायचं. म्हणजे देवाला शंका नको, साक्षीदार हजर आहेत.

पण हा आवाज कुणाचा? एवढा मोठा, एवढा भरलेला आवाज मी ओळखलाच नाही. ओळखला तेव्हा मी एका झाडाला धरलं.

“ह्या रानाच्या राखणदारा, तुझा नाव माका म्हायत नाय, पण तू आसस ह्या म्हायत आसा!”

“व्हय म्हाराजा!”

मी आवाजाच्या दिशेने चालायला लागलो. वाक्य चालू असलं की धावायचो, थांबलं की उभा राहायचो.

“आज करी रोडची पाच माणसा तुझ्या दाराक इली आसत!”

“व्हय म्हाराजा!”

“तेतूरलो एक माझो झील हेरंब! सोताक गटप्रमुख म्हणवून घेता!”

“व्हय म्हाराजा!”

“वाट म्हायत नसताना वाट बघूक गेलो, तो खय गेलो तेचो पत्तो नाय!”

“व्हय म्हाराजा!” यात आता एक जाड, अनोळखी आवाजही मिसळला होता.

“तेच्या बुटाक तळवो नाय!”

“व्हय म्हाराजा!”

“तेका कोण शाणपणाचा सांगूक गेला तर तो ऐकणा नाय!”

“व्हय म्हाराजा!” हा सीमाचा आवाज. गरजेपेक्षा बराच वरच्या पट्टीत.

“एकदम बरोबर!” हा अभयचा.

सगळं रान माझी अब्रू ऐकत होतं. पक्षी उठून चालले होते. मी काट्यांतून, दगडांतून, बुटांचे उरलेसुरले तुकडे मागे टाकत, हाताने फांद्या बाजूला करत माझ्याच बदनामीकडे धावत होतो, आणि मनात एकच होतं, बाबा, थांबू नका. आणखी बोला. माझ्याबद्दल काय हवं ते बोला.

“पण म्हाराजा, झील वायट नाय!”

“व्हय म्हाराजा!”

“रोज कामावरसून इलो काय कपडे बदलुच्या आधी माझ्या बाजूक येवन बसता! काय बोलणा नाय, नुसतो बसता! तेका वाटता, बापाशीक कळणा नाय!”

“व्हय म्हाराजा!”

हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मी तर घरात सांगायचो की टीव्ही बघायला बसतो.

“बापाशीक सगळा कळता, म्हाराजा! पण बापाशीच्या तोंडातसून सबूद भायर येणा नाय!”

या वेळी “व्हय म्हाराजा” जरा उशिरा आलं. काकूंचा आवाज फाटल्यासारखा झाला होता.

“तर देवा म्हाराजा, तेच्या वाटेतला वाकडा-नाकडा दूर कर, काटोकुटो बाजूक कर, आणि माझा पोर माका सुखरूप परत दी, रे म्हाराजाऽऽ!”

मी तोवर ओढ्याच्या वरच्या अंगाला, झुडपाआड पोचलो होतो. मला दम लागला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण लहानपणापासूनची सवय कुठे जाते? माझ्या तोंडून आपोआप निघालं, “व्हय म्हाराजाऽऽ!”

खाली बाबा टोपी हातात धरून झाडांकडे तोंड करून उभे होते. त्यांच्या मागे सीमा, काकू, अभय आणि हात जोडलेले वनरक्षक घाडी. तो जाड आवाज त्यांचा होता. ओरडू नका असं सांगायला ते धावत आले होते, आणि पुढचं त्यांनाही आवरलं नसावं. घाडी शेवटी कुडाळकडचे निघाले.

मी घसरत खाली आलो. बाबांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

“इलंस?”

“हो.”

“बूट खय?”

त्यांनी मला काहीतरी विचारलं होतं! किती दिवसांनी. मी उत्तर द्यायच्या ऐवजी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं, आणि त्यांनी माझ्या केसांतली पानं काढली. तिथे एवढी माणसं होती, पण मला लाज वाटली नाही.

मागे काय झालं ते सीमाने सांगितलं. मी बराच वेळ आलो नाही म्हणून तिने फेरीवर आलेल्या घाडींना गाठलं आणि सांगितलं की आमचा एक माणूस हरवलाय.

“गटप्रमुखाला तक्रार द्यायला सांगा,” घाडी म्हणाले.

“गटप्रमुखच हरवलाय.”

“मग तक्रार कोण देणार?”

बिचारे खरंच विचारात पडले. मग सोबत आणखी माणसं घेऊन शोधायला जातो म्हणून ते फाटकाकडे वळले, आणि तेवढ्यात बाबा दगडावरून उठले. त्यांनी टोपी काढली. तक्रार त्यांनी दिली, फक्त जरा वरच्या कचेरीत.

“देवान ऐकल्यान,” काकू डोळे पुसत म्हणाल्या.

“देवाचं मला माहीत नाही काकू, हेरंबने ऐकलं,” अभय म्हणाला. “आवाजच तसा होता. मी आपलं ‘बरोबर’ म्हणत होतो. आम्ही बौद्ध माणसं, ‘व्हय म्हाराजा’ आमच्याच्याने होत नाही. पण काकांचे मुद्दे सगळे बरोबर होते.”

मग आम्ही जेवलो. घाडीही बसले. जवळ्याच्या चटणीचा डबा त्यांनी बोटाने पुसून स्वच्छ केला आणि मोठ्याने न बोलण्याच्या नियमाबद्दल एक अक्षर काढलं नाही. परतीच्या वाटेवर मी अनवाणी होतो. बाबा माझ्या पुढे चालत होते आणि मागे न बघता सांगत होते, “हय पाय ठेव. थय काटो आसा. दगड हलता, बाजून ये.” मी ते सांगतील तिथे पाय ठेवत होतो. पन्नाशीनंतर कुणी आपल्याला चालायला शिकवावं, हे सुख सगळ्यांना मिळत नाही. मी कृतज्ञ होतो. डॉक्टरांचा, अभयचा, काकूंचा, घाडींचा, वाळलेल्या डिंकाचा, आणि झाडांना लागलेल्या त्या किडीचासुद्धा.

गाडीत बाबा बोलत होते. गुरं राखायला जायचे त्या रानाबद्दल बोलले, साचा अडकला की कुठे हात मारायचा त्याबद्दल बोलले, अभय गियर कसे बदलतो त्याबद्दल तर फारच बोलले. पनवेल आलं तरी ते थांबले नव्हते. शेवटी अभयने चाचरत विचारलं, “काका, जरा रेडिओ लावू?”

“लाव. मी तेच्यावरसून बोलतंय.”

करी रोडला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. लिफ्टमध्ये आमच्यासोबत एक तरुण गृहस्थ शिरले. कानात इयरफोन, पाठीला बॅग, नजर आकड्यांवर. काकू सहाव्यावर उतरल्या, अभय चौदाव्यावर. बाबा त्या गृहस्थांकडे निरखून बघत होते. मग बाबांनी त्या तरुणाच्या बाहीला हात लावला.

“खयचे तुमी?”

त्याने एक इयरफोन काढला. “सत्ताविसावा मजला.”

“मजलो नाय. गाव खयचा?”

“ओह. गाव... आमचं मूळ म्हणजे, आजोबा देवगडचे होते. मी कधी गेलो नाही.”

“देवगडात खय?”

एकोणिसावा आला. दार उघडलं. मी आणि सीमा बाहेर पडलो. बाबा आतच राहिले. एक पाय दारात, एक आत. दाराने दोनदा बाबांना धडक दिली आणि लिफ्ट कुरकुरायला लागली. त्या तरुणाने दुसराही इयरफोन काढला होता. आजोबांचं नाव काय ते तो सांगत होता.

“बाबा, चला ना,” मी म्हणालो.

“तुमी व्हा फुडे,” बाबा म्हणाले, पाय आत घेतला, आणि दार मिटलं.

मी अनवाणी तिथेच उभा राहून वरचा आकडा बदलताना बघत होतो. तो सत्तावीसवर गेला आणि थांबला. बराच वेळ खाली येईना.

“येतील,” सीमा कुलूप काढत म्हणाली. “तुम्ही पाय धुवून घ्या.”

मी आत गेलो. ती मागून दार लावायला लागली, तेव्हा मी म्हटलं, “राहू दे गं. उघडंच राहू दे.”